टाकी क्रमांक तीन

कुंकळ्ळीच्या वसाहतीत रात्रपाळीला
मी माशांची कातडी शिजवतो.
शिजवतो म्हणजे, पंचावन्न अंशांवर नुसती जागी ठेवतो.
तांबसो, चोणक, गोब्रा;
मांस ज्यांचं त्यांनी नेलं,
उरलेलं निळ्या पिंपांतून माझ्याकडे येतं.

कातडीत तीनपेडी दोर असतात, डोळ्यांना न दिसणारे.
मासा अख्खा राहतो तो त्यांच्या जिवावर.
मी एन्झाइमची बाटली ओततो.
दोर कुठे कापायचा हे त्याला माहीत,
कधी थांबवायचं एवढंच मला.
लवकर थांबवलं तर खळ, बोटांना चिकटणारी.
उशीर झाला तर सगळे मणी सुटे
आणि पाणी कडू,
आणि कडू पावडर कुणी विकत घेत नाही.
मधलं जे राहतं, दोन मणी, तीन मणी, कधी वीस,
त्याला पेप्टाइड म्हणतात.
डब्यावर त्याचं नाव सोनेरी अक्षरांत,
बाजूला पळणारा एक माणूस
ज्याला घाम येत नाही.

प्रेसिला तो डबा घेऊन कुटबणच्या धक्क्यावर आली
तेव्हा उजव्या गुडघ्याला अजून पट्टा होता.
असोळण्याच्या शेतात, भात कापून मोकळ्या झालेल्या,
डाव्या बगलेने चेंडू नेताना
तिचा पाय भेगेत राहिला आणि ती पुढे गेली.
मी गोलमध्ये होतो. आवाज ऐकला.
वाळलेली चिंच मोडावी तसा.

"दोन हजार आठशे," ती म्हणाली.
"खरें सांग मरे, उपेगी पडटा?"

मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं.
की हे मणी इतके लहान असतात
की काही जोडीजोडीनेच आतड्याच्या भिंतीपलीकडे जातात,
न तुटता.
तासाभरात रक्तात सापडतात. हे मोजलेलं आहे.
तिथून गुडघ्यापर्यंत जाऊन
'इथे मोडलंय, बांधायला घ्या' असा निरोप देतात का,
यावर काही अभ्यास हो म्हणतात, काही गप्प,
आणि काहींचा खर्च डबा विकणाऱ्यांनीच केलाय.
घेणारच असशील तर लिंबू पिळून घे.
फिजिओ हो म्हणाला की, घेतल्यावर तासाभराने, दोरीउड्या.
ताण पडल्याशिवाय अस्थिबंध काही शिकत नाही.

तिची आई कोन्सेसांव
याच धक्क्यावर चौतीस वर्षं मासे कापते.
कोयता बाजूला ठेवून तिने डब्यात नाक घातलं.
"वास काढून घेतलाय," म्हणाली.
मग शेजारच्या निळ्या पिंपाकडे पाहिलं,
जे टेम्पोवाला रोज सकाळी फुकट नेतो.
मग माझ्याकडे.
तो वास माझ्या हातांना होता.

दुसऱ्या दिवसापासून तिने किलोमागे सात रुपये मागितले.
टेम्पो चार दिवस आला नाही.
पाचव्या दिवशी आला, साडेपाचवर तुटलं.
आमच्या मॅनेजरने कच्चा माल महागला म्हणून
रात्रीचा चहा बंद केला.

डबा महिन्याभरात संपला. दुसरा आला नाही.
त्याऐवजी चोणकाची डोकी, मिरी, त्रिफळं,
मंद आचेवर अर्धा दिवस.
ते माझ्या टाकीतल्यासारखं नसतं,
तुकडे मोठे, कापायचं काम पोटावरच पडतं,
हे मी सांगायला तोंड उघडलं
तर समोर वाटी आली.
दोन प्यायलो.

आता पाळी संपवून सायकलने येताना
कपेलासमोर ती दिसते.
कशाने झालं ते मी विचारत नाही.
डबा, डोकी, लिंबू, फिजिओ,
की नुसते नऊ महिने.
एकशे बारा. एकशे तेरा.
दोर जमिनीला लागतो तिथली लाल धूळ
तिच्या पोटऱ्यांपर्यंत चढलीय.
एकशे चौदाला पाय अडकतो,
ती एक सणसणीत शिवी हासडते,
कपेलाकडे बघून घाईघाईने क्रूस करते,
आणि म्हणते, एक.